टाके काढेपर्यंत

"हर्नियाच्या पिशवीत बारीक गाठी दिसल्या होत्या. तपासायला पाठवल्या," सर्जन म्हणाले. "कॅन्सर आहे. मूळ दुसरीकडे आहे, तिथून पसरलाय."

शिंप्याची बायको खुर्चीच्या कडेवर बसली होती. जांघेतला साधा फुगवटा शिवून घ्यायला आलेला माणूस, आणि हे काय भलतंच.

"टाके काढायला याल तेव्हा मी बोलेन त्यांच्याशी. तोवर त्यांना कळू देऊ नका. जमेल?"

जमणार कसं? सुई टोचली तरी गळा काढणारी बाई ती. नवरा तिला लाडानं रडूबाईच म्हणायचा.

पण घरी आली ती तोंडभर हसत.

"काय म्हणाले डॉक्टर?" शिंप्यानं पलंगावरून विचारलं.

"काय म्हणणार? चरबी होती म्हणे. फेकली."

"टाके तरी धड घातलेत का बघ. कंबरेखाली बधिर केलेलं, मी आपला खुशाल घोरत होतो."

"तुमच्या धावदोऱ्यापेक्षा बरे आहेत."

दोघंही हसले. त्याला जखमेवर हात धरून हसावं लागलं.

त्याला वाकायची मनाई होती. म्हणून तो पलंगावरून मापं सांगायचा आणि ती कापडावर खडू ओढायची. एकदा तिनं कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. एरवी घर डोक्यावर घेतलं असतं. आता नुसती म्हणाली, "राहू दे, दुसऱ्या कोटाला दोन्ही उजव्या कापू."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "शहाणी गं माझी," म्हणाला. आत तिचा जीव तुटत होता, पण डोळे कोरडे राहिले.

टाके निघाले. सर्जनांनी तिला खाली औषधं आणायला पाठवलं आणि स्टूल ओढून शिंप्याजवळ बसले.

"रिपोर्ट आलाय."

"वाईट आहे ना?" तो शर्टाची बटणं लावत म्हणाला. "आठवडाभर ती एकदाही रडली नाही."

सर्जनांनी हातातला रिपोर्ट मिटला. "ऑपरेशन चालू असताना गाठींचं ऐकून तुम्ही पडद्यापलीकडून म्हणालात, तसंच केलं मी. तिला सांगितलं, आणि तुम्हाला काही माहीत नाही म्हणालो. पण आता पुरे की."

"अजून थोडे दिवस, डॉक्टर. माझ्यापासून काही लपवायचं असलं की तिला रडायला सवडच मिळत नाही."