लाल मूठ

पेडगावच्या शिवारात दोन सीटचं छोटं विमान कोसळून कुशीवर पडलं, तसे शेजारच्या तुरीतून बन्सीधर आणि कमलबाई धावले. वैमानिक पोरगी जिवंत होती, पण तिचे पाय अडकले होते. कमलबाईनं पलीकडून विमानाच्या टपाला खांदा लावला. बन्सीधरनं फुटक्या काचेतून आत वाकून आधाराला एक लाल मूठ धरली.

"काका, सोडा! ती ओढू नका!" पोरगी किंचाळली.

"भिऊ नको बाई, तुलाच काढायलोय."

"ती अख्ख्या विमानाच्या पॅराशूटची मूठ आहे! मला ओढायला वेळच मिळाला नाही. आता ओढली तर पॅराशूट बाहेर खेचणारं रॉकेट टप फोडून सुटेल!"

बन्सीधरनं एकेक बोट सोडवलं. पलीकडं टपाला छाती भिडवून उभी असलेली कमलबाई ओरडली, "आवं, सोडलं कामून? ओढा की जोरात!"