खडबडीत काप

“गुळगुळीत नको!” बागेच्या नव्या मॅडम खालून ओरडल्या. “फाटू दे लाकूड!”

झाडावर दोराला लटकलेल्या वस्तऱ्याला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक होतेय. उभी हयात त्याने झाडं छाटण्यात घालवली होती. काप असा साफ, की लोक त्याचं खरं नाव विसरून त्याला वस्तराच म्हणू लागले होते. हाताखालच्या कोणाकडून लाकूड फाटलं, साल सोलली गेली, तर त्याची खैर नसे. आणि ह्या बाई म्हणतात, फाटू दे!

बागेतलं ते सगळ्यात जुनं झाड. एक अंग हिरवंगार, दुसरं वाळून खडखडीत. वाळकी मोठी फांदी नेमकी बाकांवर झुकलेली, म्हणून वरच्या साहेबांनी झाडच मुळासकट काढायचं ठरवलं होतं. मॅडम हट्टाला पेटल्या, भांडल्या, आणि झाड वाचलं. फांदी तेवढी काढायची, तीही हातभर खुंट राखून.

वस्तऱ्याने आधी शेजारची एक लहान वाळकी फांदी उतरवली, आणि मन मारून खुंटाच्या टोकाला करवतीने दाते पाडले. मॅडमना हसू आवरेना.

“अहो, हा तर वाढदिवसाचा कागदी मुकुट झाला!”

तो तणतणत खाली उतरला. “घाण काम माझ्या हाताला जमत नाही, मॅडम. उद्या लोक म्हणतील, म्हातारा संपला.”

मॅडमचं हसू मावळलं. हिरव्या अंगावर त्याचाच एक जुना काप होता, त्यावर त्यांनी तळवा ठेवला. “किती सुरेख आहे हा. पावसाचा थेंबसुद्धा टिकायचा नाही इथे. जित्या लाकडाला असाच काप हवा, जखम भरून येते. पण वाळक्याचं काय भरून यायचंय? तिथे पाणी मुरू दे. लाकूड कुजलं की किडे येतील, किड्यांमागे सुतार पक्षी. तो भोक पाडेल, आणि एक दिवस सोडून जाईल. मग कोणी ना कोणी राहायला येईलच की.”

 वस्तऱ्याने झाडाभोवती एक फेरी मारली आणि पुन्हा वर चढला. फांदीच्या शेंड्याकडे दोर बांधला. लाकूड फाटू नये म्हणून आधी खालून खाच घ्यायची, ही त्याची जन्माची सवय. हात आपसूक तिकडे गेला. त्याने तो मागे घेतला. वरूनच अर्ध्यापर्यंत करवत चालवली, खाली आला, बाकांजवळच्या सगळ्यांना लांब पिटाळलं.

“ओढा,” तो दोघा गड्यांना म्हणाला, आणि स्वतःही दोराला हात घातला.

लाकूड आधी नुसतंच कुरकुरलं. मग असा कडकडाट झाला की अख्खी बाग दचकली. वस्तऱ्याने डोळे गच्च मिटून घेतले होते. उघडले तेव्हा फांदी जमिनीवर होती, आणि वर खुंटाला लांबच लांब चिरफळ्या, भेगा, आत कुठवर गेलेल्या कोण जाणे.

त्याची बायको डबा घेऊन नुकतीच फाटकातून आत आली होती. आवाज ऐकून ती डबा तिथेच टाकून धावत सुटली. त्याला जमिनीवर उभा पाहिला तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. त्याचे दंड चाचपत, वरच्या चिरफळ्यांकडे बघत ती म्हणाली, “तुम्ही वर नव्हतात ना? लागलं नाही ना कुठे? मेली आपोआप मोडली तरी कशी!”

गडी एकमेकांकडे बघू लागले. मॅडमनी तोंडाला रुमाल लावला.

वस्तरा मान वर करून त्या भेगांकडे बघत राहिला.

“नाही लागलं,” तो म्हणाला. “पण मोडली मात्र झकास.”