आईची खिडकी

"आ कर, दातांच्या तारांत भाताचं शीत अडकलंय," म्हणत माईंनी नातीच्या तोंडात बारीक ब्रश घातला. शीत कसलं, काडी निघाली! समोरच्या दातांमधली फट बुजू नये म्हणून शाल्मलीने ती मुद्दाम खोचली होती.

"राहू दे ना, माई. आईलाही अश्शीच होती. बाबा तिला खिडकी म्हणायचे."

"ती गेली, आता खिडकी कशाला उघडी? सरनाईकांच्या घरात असली तोंडं चालत नाहीत. या तारा मोबाइलवरून आवळतात, त्यांत माझ्या दातांचा नमुना भरलाय."

माईंनी मोबाइलवरचं बटण दाबलं. तारा करकचून आवळल्या. शाल्मली कळवळत राहिली आणि जेवायच्या वेळेपर्यंत फट मिटली.

जेवताना बाबांनी रोजच्यासारखं तिला हसवलं. तिचे बिनफटीचे दात बघून ते अर्ध्या जेवणातूनच हात धुवायला उठले. त्यानंतर त्यांनी तिला कधी हसवलं नाही.