शेखरचं मनगट

माझा भाऊ शेखर पंचवटीतल्या तालमीत जायचा. मुलींना तिथे मज्जाव, म्हणून आमचे वडील, अण्णा, त्याच्या पकडीचा सराव घरी माझ्याबरोबर घ्यायचे. आधी दोघांनी ओल्या गोधड्या पिळायच्या. मग अण्णा म्हणायचे, "ललिता, धर त्याचं मनगट. शेखर, सोडव."

त्याला एकदाही सोडवता आलं नाही.

सायखेड्याची यात्रा जवळ आली तसं अण्णांनी मला मोरीपाशी बोलावलं. "जरा सैल सोडत जा गं. पोराची हिंमत खचते."

मी सैल सोडायला लागले. शेखर मिशीवर हात फिरवायला लागला.

यात्रेत पेठच्या मल्लाने त्याचं मनगट धरलं, ते सोडलंच नाही. शेखर नुसते हिसके देत राहिला आणि चितपट झाला.

घरी आल्या आल्या अण्णा माझ्याकडे बोट दाखवत आईवर ओरडले, "हिच्यामुळे हरला तो! खोटं खोटं सुटायची सवय लावली हिनं पोराला!"

"तुम्हीच सांगितलं होतं, अण्णा."

त्यांनी हात उगारला. मी तो वरच्या वर धरला. त्यांनी दोन हिसके दिले, पण हात सुटेना. शेखर बघत होता.

"ललिता, सोड," अण्णा हळूच म्हणाले.

आणि सवयीनं मी सोडला.