हाकेला ओ

नाव बदललेलं होतं. कोड तोच, ओळन् ओळ तीच, मधल्या टिपासुद्धा तिच्याच. फक्त लिहिणाऱ्याच्या जागी मास्तरांचं नाव.

तिने पान बंद करून पुन्हा उघडलं. पुन्हा मास्तरच. तिची कानशिलं तापली.

मास्तर म्हणजे त्यांच्या गटातले सगळ्यात जुने. फळ्यावर लिहिल्याशिवाय त्यांना काही समजावता येत नसे, म्हणून हे नाव पडलेलं. लॅपटॉपमधल्या आवाजाच्या चिपशी कसं वागायचं, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. हेडफोन खोचला की चिप हाक मारते, 'हातातलं काम टाक, इकडे बघ.' त्या हाकेला इंटरप्ट म्हणतात, आणि तिला ओ देणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. तिचे सासरे शेजाऱ्यांना कौतुकाने सांगायचे की सूनबाई ड्रायव्हरचं काम करते. शेजारी विचारायचे, कोणती गाडी?

जुन्या ड्रायव्हरला एक खोड होती. दोन हाका एकदम आल्या की तो एकीला ओ द्यायचा आणि दोन्ही पुसून टाकायचा. मग हेडफोन कानात, आणि गाणी मात्र भर मीटिंगमध्ये स्पीकरवर. गिऱ्हाइकांनी कंपनीला शिव्या घातल्या, भल्याभल्यांनी हात टेकले. शेवटी तिने रात्रीचा दिवस करून उपाय काढला. जिला ओ दिली तेवढीच हाक पुसायची, बाकीच्या उभ्या ठेवायच्या. गेल्या महिन्यात तिचा कोड घरोघरच्या लॅपटॉपवर पोचला. या आठवड्यात नवा गटप्रमुख ठरणार होता, आणि छातीठोकपणे दाखवावं असं तिच्याकडे हे एकच काम होतं.

आयत्या बिळावर नागोबा! आणि तोही कोण, तर ज्याने शिकवलं तोच.

मास्तर टेबल आवरत होते. कप, चष्म्याची पेटी, पुस्तकं, सगळं एका खोक्यात जात होतं. गटप्रमुखाची खोली वरच्या मजल्यावर होती. भलतीच घाई झालीय, ती मनात म्हणाली.

"मास्तर, माझ्या कोडवर तुमचं नाव कसं?"

"राहू दे गं." त्यांनी वर बघितलं नाही. "नाव काय, आज आहे, उद्या नाही."

"मग तुमचं काढा ना!"

"मला एक सांग. झाकण बंद असताना एखादी हाक आली, आणि तिला कोणीच ओ दिली नाही, तर? ती उभीच राहणार, आणि लॅपटॉप जागाच."

"विषय बदलू नका. तुमच्या असल्या शंका तेव्हाही ऐकल्यात मी."

मास्तरांनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "तू आज घरी जा. दोन दिवस सुट्टी टाक. माझं ऐक, पोरी."

"आजवर तुमचंच ऐकत आले, तेच चुकलं."

ती तडक कंपनीच्या मोठ्या मॅडमच्या खोलीकडे निघाली. मागून मास्तर "अगं, थांब" म्हणत येत होते. थांबते कशाला! एकदा तिने केलेलं काम दुसऱ्याने सभेत वाचून दाखवलं होतं, एकदा तिच्या वाट्याची शाबासकी भलत्याच्याच पाठीवर पडली होती, आणि दर वेळी ती तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात राहिली. परक्याने चोरी केली तर माणूस बोंब तरी मारतो. आपल्या माणसाने केली की बोंब मारायची लाज वाटते, आणि त्याचंच फावतं. या वेळी लाजबीज काही नाही.

मॅडमसमोर दोन अनोळखी माणसं बसली होती, कोट घातलेली. बरंच झालं, साक्षीदार मिळाले.

"मॅडम, हेडफोनचा तो नवा कोड माझा आहे. मास्तरांनी त्यावर स्वतःचं नाव चढवलंय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मास्तर?"

"कोड माझाच," मास्तर शांतपणे म्हणाले. "हिने नुसता चालवून बघितला."

इतकं धडधडीत खोटं, तेही तिच्या तोंडावर! तिचा आवाज फाटला. "शरम नाही वाटत? मॅडम, माझ्याकडे पहिल्या दिवसापासूनचे सगळे खर्डे आहेत. दाखवू?"

"त्याची काही गरज नाही," मास्तर घाईने म्हणाले.

"दाखवा," कोटवाल्यांपैकी एक म्हणाला.

तिने लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे सरकवला. एकेक खर्डा, एकेक चूक, एकेक दुरुस्ती, सगळं दाखवलं. कोटवाला खुर्ची पुढे ओढून बघत राहिला.

"यात मास्तरांचा हात किती?" मॅडमनी विचारलं.

"काडीचाही नाही! उलट ते खोडाच घालत होते. त्यांचं ऐकलं असतं तर हा कोड बाहेरच पडला नसता. मी हट्टाला पेटले, तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली."

"नक्की? नीट विचार करून सांग."

"विचार कसला करायचा? सगळा कोड माझा एकटीचा आहे."

"तसं लिहून देशील?"

"आत्ता देते."

"नको, पोरी," मास्तर म्हणाले. तिने तिकडे बघितलंही नाही. मॅडमच्याच पेनाने तिने चार ओळी लिहिल्या, खाली ठसठशीत सही केली आणि कागद पुढे केला. कोटवाल्याने तो वाचून फाइलमध्ये ठेवला. मास्तर मटकन खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. बरी जिरली, तिला वाटलं. कितीतरी दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

"मास्तर, तुमचा राजीनामा मी फाडून टाकते," मॅडम म्हणाल्या. मग त्या कोटवाल्यांकडे वळल्या. "बंद करून बॅगेत ठेवलेले लॅपटॉप ज्या कोडमुळे पेटले, तो हिचा आहे."