पिठातली सोयरीक

जोडीदारीण मेल्यापासून माझ्या नातीची, चंचलची, पांढरी उंदरीण राणी दाण्याला तोंड लावत नव्हती. म्हणून नातीने दोन नव्या आणल्या, तर राणी दोघींनाही कडकडून चावली. “दोघींना संध्याकाळी दुकानात परत दे,” माझा मुलगा कुंदन लूमच्या कापड कारखान्यातून येताच म्हणाला. मी परातीत कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ ओतलं. सुरतेला येण्याआधी गावी गाय वासराला जवळ करेना, तेव्हा त्याच्या पाठीवर पीठ भुरभुरायचो. चाटता चाटता ती त्याची आई व्हायची. “आई, ही गाय नाही,” कुंदन हसला. “जीभ आहे ना?” तिघींना मी पिठात सोडलं. राणी शिंकली आणि एका पाहुणीवर झेपावली. चंचलने डोळे मिटले. पण पिठाची चव लागताच राणी त्या पाहुणीचा कान चाटू लागली, मग पाठ. दुसरी आपणहून पुढे सरकली. कुंदनने दुकानदाराला फोन लावला, “भाई, मोठा पिंजरा आहे?”