आवृत्ती ४.३ मध्ये काय बदललं

गारगोटीच्या नेटकॅफेत नागसेननं ऑफिसच्या सर्व्हरचा जुना पासवर्ड टाकला आणि तो चालला. दोन महिने झाले तरी उदयसिंहनं तो बदलला नव्हता. हाकललेल्या माणसाची एवढीसुद्धा धास्ती नाही, याचाच त्याला जास्त राग आला.

कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या उदयसिंहच्या ऑफिसात त्यानं चार वर्षं काढली होती. गावोगावच्या दूध संस्थांमध्ये फॅट मोजायच्या मशीनला जो कॉम्प्युटर जोडलेला असतो, त्याचं सॉफ्टवेअर ते करत. गाईच्या दुधाचं गणित उदयसिंहचं, म्हशीच्या दुधाचं नागसेनचं. गेल्या वर्षी त्यानं ते नव्यानं लिहिलं, तेव्हाही उदयसिंहनं त्यात डोकावून बघितलं नाही. "तू केलंयस न्हवं? मग बघायचं काय त्यात," म्हणाला होता.

आणि एका सोमवारी त्याच उदयसिंहनं नागसेनची गणिताची वही मागून घेतली, तासभर चाळली आणि मिटून ठेवली.

"उद्यापासनं येऊ नकोस."

"का दादा? काय केलं मी?"

"काय न्हाय. पुण्यात एक ओळखीचा हाय, त्याला सांगून ठेवलंय. हा त्याचा नंबर. वर्षभर इकडं फिरकू नकोस."

नंबरची चिठ्ठी नागसेननं जिन्यातच फाडली. आठवड्याभरात त्याच्या खुर्चीवर उदयसिंहचा मेहुणा सयाजी येऊन बसला, तेव्हा कारण शोधायची गरजच उरली नाही. गरज सरो, वैद्य मरो. नागसेन गावी आईकडे परतला आणि वाट बघत बसला.

आता नवं अपडेट आलं होतं. संस्थांचा एक दंडक होता. मशीनमध्ये काही बदलायचं असेल, तर ते आधी रांगेतल्या सभासदांना वाचून दाखवायचं. म्हणून अपडेट उतरवण्याआधी पडद्यावर सूचना यायची, काय बदललं त्याची. ती वाचायची आणि मगच 'होय' दाबायचं.

नागसेननं अपडेटला हात लावला नाही. फक्त सूचना बदलली. मूळची त्यानं न वाचताच फ्लॉपीवर ठेवली. काम झालं की जागच्या जागी परत ठेवायची होती, माग राहायला नको. तिच्या जागी त्यानं लिहिलं, 'या अपडेटपासून म्हशीच्या दुधाची फॅट दोन पॉइंट कमी दिसेल. सभासदांना कळू देऊ नये.'

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गावातल्या संस्थेसमोरच्या दुकानाच्या पायरीवर बसला. रांगेत त्याची आई बायडाबाई किटली घेऊन उभी होती. वर्षभर तिची एकच तक्रार होती, म्हशीला सरकी वाढवली तरी फॅट दोन पॉइंट कमीच लागते. म्हशीला शिव्याही देऊन झाल्या होत्या.

सचिव बाळासो सूचना वाचायला उभे राहिले. ते कुठलाही कागद सातबारा वाचावा तसा एका सुरात वाचत, अर्थाकडे त्यांचं लक्ष नसे. आजही त्यांनी दोन्ही वाक्यं सुरात वाचली आणि मग त्यांचा चेहरा उतरला.

"'न्हाय' दाब," चेअरमन हंबीरराव म्हणाले. "आणि जुन्या नळ्या काढ."

ॲसिड घालून हातानं फॅट काढायला कुणाला वेळ नसे, पण त्या दिवशी कुणी हललं नाही. बायडाबाईच्या दुधाला मशीन सहा पॉइंट दोन दाखवत होतं. नळीत सहा पॉइंट चार निघाली, बरोबर दोन पॉइंट जास्त. मग रांगेत तिच्या मागं असलेल्या बाळाबाईचं दूध घेतलं. तिथंही दोन पॉइंटांचाच फरक.

"म्हंजी चोरी आधीपासनंच चालू हाय," हंबीरराव म्हणाले. "टेंपो काढा."

पायरीवर नागसेन अर्धवट उठला. त्यानं तर खोटं लिहिलं होतं. मग हळूहळू त्याला उमगलं. आपण गेल्यावर उदयसिंहनं आपल्या गणितात हात घातला. म्हणूनच वही चाळली, म्हणूनच हाकललं. कालपासून मनात जे थोडं टोचत होतं, तेही गेलं.

बायडाबाई टेंपोतून कोल्हापूरला गेली आणि संध्याकाळी परत आली, ती एका पायात चप्पल नसलेली.

"हाणलीस?"

"हाणली की. तोंडावर. माझ्या पोराला हाकलतोस आन् माझंच दूध चोरतोस व्हय, म्हटलं."

"मग?"

"माझ्याकडं बघत ऱ्हायला नुसता. लोकांनी कॉम्प्युटर फोडलं, तरी आडवा आला न्हाय. कुणी केलं म्हणून इचारलं, तर म्हणला, चूक माझी हाय, दुसऱ्या कुणाची न्हाय."

"बघ. कबूल झाला."

"व्हय की," ती म्हणाली आणि पाय धुवायला गेली.

नागसेन त्या दिवशी एक भाकरी जास्त जेवला. चार वर्षांत इतकं गोड जेवण लागलं नव्हतं.

आठवड्याभरात बातमी आली. सगळ्या संस्थांनी उदयसिंहचं सॉफ्टवेअर काढून टाकलं होतं. ऑफिसला कुलूप लागलं होतं, पाटी कुणीतरी काळी केली होती, आणि बायकामुलांना घेऊन तो कोल्हापूर सोडून गेला होता.

नागसेन पुन्हा गारगोटीला गेला. पासवर्ड अजून तोच होता. त्यानं फ्लॉपी घातली आणि मूळ सूचना परत ठेवण्याआधी, फाइल तीच आहे ना, एवढं बघायला ती उघडली.

'आवृत्ती ४.३. गेलं वर्षभर म्हशीच्या दुधाची फॅट दोन पॉइंट कमी दिसत होती. ती चूक या अपडेटमध्ये दुरुस्त केली आहे. सभासदांचं झालेलं नुकसान मी भरून देईन. याबद्दल ऑफिसातल्या दुसऱ्या कुणालाही बोल लावू नये. म्हशीच्या दुधाचं गणित मी एकट्यानं लिहिलं होतं. – उदयसिंह.'